देवाला ठाऊक आहे, मग माणसाला कशाला सांगायचे?

दसऱ्याच्या आसपास पाथर्डी तालुक्यात दोन हालचाली एकाच वेळी चालू असतात. मोहट्याच्या देवीच्या गडावर नवरात्राची रीघ लागते. कुणी अनवाणी येते, कुणी नवस फेडायला लेकरू कडेवर घेऊन येते. त्याच दिवसांत वाड्यावस्त्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या जुळत असतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, अंगावर घेतलेली जोडपी, हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, सांगली-कोल्हापूरकडे किंवा पार कर्नाटकात निघायच्या तयारीला लागतात. या दोन्ही गर्दींत असणारा एक माणूस तालुक्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याने देवीपुढे दारू सोडल्याची शपथ घेतलेली असते आणि फडावर पोचल्यावर, थंडीच्या पहिल्याच रात्री, कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, ती मोडलेली असते.

शपथ मोडली याहून त्यानंतरचे त्याचे गप्प होणे जास्त घातक असते. बायकोला सांगावे तर भांडण, मुकादमाला सांगावे तर उचलीचा विषय निघणार, गावाकडच्या महाराजांना सांगायला तोंड उरलेले नाही. राहतो तो देव, आणि त्याला तर सगळे ठाऊकच आहे. मग माणसाला, तेही मदतसेवेच्या फोनवरच्या ओळखपाळख नसलेल्या माणसाला, कशाला सांगायचे? प्रश्न साधा दिसतो, पण धर्मविचारात तो फार जुना आहे. आणि पाथर्डीच्या मातीत त्याची उत्तरे पुष्कळ काळापासून पडून आहेत.

आधी शपथेची बाजू. तिची थोरवी कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. याच तालुक्यातल्या भगवानगडावर भगवानबाबांनी (१८९६–१९६५) वारकरी परंपरेची माळ आणि अक्षरओळख या दोन्ही गोष्टी कष्टकरी समाजाच्या हाती दिल्या. गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य-मांस सुटते, एकादशी येते, वारी येते, आणि मुख्य म्हणजे सोबत येते. माळकऱ्याला पाहुण्याच्या घरी कुणी ग्लास पुढे करत नाही. नकार देण्याचे रोजचे ओझे माळ स्वतःवर घेते. कित्येक घरे या एका माळेने सावरली आहेत, आणि व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या कोणत्याही शहाण्या डॉक्टरने तिला हात जोडावेत अशीच ती आहे.

पण शपथ सगळी तरी असते किंवा अजिबात नसते. पाऊण शपथ असा प्रकार नाही. एक घोट गेला की माणूस दारुडा तर होतोच, वर देवाचा गुन्हेगारही होतो. आणि गुन्हेगाराला जिथे सर्वांत आधी जायला हवे त्या देवळाकडेच त्याची पावले वळत नाहीत. उलट दिशेचा एक चकवाही आहे. आषाढी अमावस्येला गटारी करून श्रावणभर कडकडीत पाळणारा माणूस महिन्याच्या शेवटी छातीठोकपणे म्हणतो, मला व्यसन नाही, ठरवले की थांबतो. श्रावण त्याला थांबता येते याचा पुरावा देतो. भाद्रपदात काय होते ते तो मोजत नाही.

याहून गंभीर गोष्ट शरीराची आहे, आणि ती प्रत्येक देवळाच्या ओवरीत मोठ्याने सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी, कुणाच्या देखरेखीशिवाय बंद केली तर पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींच्या बाबतीत दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम सुरू होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात, ताप चढतो. वेळीच उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. गावात मात्र याच भासांना बाहेरचे झाले म्हणतात, नाहीतर देवीचा कोप. उपाय दवाखान्यात आहे: थोड्या दिवसांच्या, हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या, बी-१ जीवनसत्त्व, सलाईन, लक्ष. म्हणजे अत्यंत श्रद्धेने घेतलेली आणि अत्यंत निष्ठेने पाळलेली शपथसुद्धा, कुणाला न सांगता पाळली, तर जिवावर बेतू शकते. देवाला ठाऊक असणे इथे पुरत नाही. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलावणाऱ्या कुणाला तरी ते ठाऊक असावे लागते.

दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असण्याचे मोल सांगणारी गोष्ट याच तालुक्यात आहे. मढी हे कानिफनाथांचे समाधिस्थान. रंगपंचमीची यात्रा, गाढवांचा बाजार आणि भटक्या जमातींच्या पंचायती यांसाठी ते महाराष्ट्रभर माहीत आहे. डोंगरापलीकडे बीडच्या हद्दीत मायंब्याला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. या दोन ठिकाणांना जोडणारी एक कथा नाथभक्तांच्या घरोघरी वाचली जाते. ‘नवनाथ भक्तिसार’ या १८१९ च्या ग्रंथाच्या पारायणांमुळे ती बायाबापड्यांनाही तोंडपाठ आहे. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात मैनाकिनी राणीपाशी रमले आहेत. गोरक्ष त्यांना रानोमाळ शोधतो आहे. इकडे कानिफाचे गुरू जालंदरनाथ गोपीचंद राजाने खड्ड्यात पुरले आहेत, आणि कानिफाला त्याचा पत्ता नाही. दोघांची गाठ पडते. आधी आंबे उतरवण्या-चढवण्यावरून सामर्थ्याची चढाओढ होते. मग बोलता बोलता कळते की कानिफाच्या गुरूचा ठावठिकाणा गोरक्षाला माहीत आहे आणि गोरक्षाच्या गुरूचा कानिफाला. दोघे एकमेकांना तो सांगतात आणि आपापल्या वाटेने जातात.

पारायणात हा प्रसंग पटकन सरतो, कारण पुढे चमत्कार वाट पाहत असतात. पण त्यात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. पहिली, गुरूसुद्धा अडकतो. नाथसंप्रदायाचा आद्य पुरुष मोहात सापडला आणि त्यामुळे त्याचे मोठेपण संपले नाही, हे सांगायला भक्तांना कधी लाज वाटली नाही. दुसरी, सोडवणारा आणि पत्ता सांगणारा यांत फरक आहे. कानिफाने मच्छिंद्रांना स्वतः सोडवून आणले नाही. मच्छिंद्र कुठे आहेत एवढेच त्याने सांगितले. पुढचे काम गोरक्षाने केले, वेष पालटून आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला साद घालून. मढीला नारळ फोडणाऱ्या माणसाला कुणी विचारले की फोनवरची मदत म्हणजे काय, तर त्याला एवढेच सांगावे.

आता कशा माणसापुढे सांगायचे, हा प्रश्न. याचे सर्वांत बारीक उत्तर जैन परंपरेने दिले आहे आणि तीही पाथर्डीला परकी नाही. श्रमणसंघाचे आचार्य आनंदऋषीजी (१९००–१९९२) याच तालुक्यातल्या चिचोंडीचे. त्यांच्या प्रेरणेने पाथर्डीत सुरू झालेल्या तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा देशभरातले साधू-साध्वी आणि श्रावक देत आले आहेत. जैन दर्शनात जगाचा कर्ता ईश्वर नाही. तरीही, की त्यामुळेच, आपला दोष दुसऱ्या माणसापुढे मोकळेपणी मांडण्याला, म्हणजे आलोचनेला, तिथे फार मोठे स्थान आहे. आणि ती कुणापुढेही करायची नसते. ऐकणाऱ्याच्या अंगी काय असावे याची यादीच ठाणांग सूत्र या जैन आगमग्रंथात आहे. तो स्वतः आचारसंपन्न असावा. प्रायश्चित्ताचे नियम त्याला माहीत असावेत. सांगणाऱ्याचा संकोच दूर करण्याची हातोटी त्याच्यात असावी. ऐकलेले त्याच्याकडून बाहेर पाझरू नये. दोष लपवला तर पुढे काय नुकसान आहे ते त्याने दाखवून द्यावे. आणि प्रायश्चित्त असे द्यावे की सांगणाऱ्याला ते झेपेल, टप्प्याटप्प्याने निभावता येईल.

ही यादी आजच्या कुठल्याही चांगल्या समुपदेशकाच्या प्रशिक्षणात जशीच्या तशी वापरता येईल. लाज काढणे, गुपित राखणे, धोका समजावणे, झेपेल एवढेच पुढचे पाऊल देणे: चारही गोष्टी मुनींना सुचल्या होत्या. त्याच सूत्रात आलोचनेचे दहा दोषही नोंदवले आहेत आणि ते वाचताना माणसाच्या मनाची ओळख पटते. कुणी ऐकणाऱ्याला आधी खूश करून घेतो, म्हणजे शिक्षा हलकी होईल. कुणी फक्त दिसलेले दोष सांगतो. कुणी गलबल्यात सांगतो, कुणी इतक्या हळू बोलतो की ऐकणाऱ्याला कळूच नये. आणि कुणी मुद्दाम अशा गुरूकडे जातो जो स्वतः तोच दोष करतो. पिणाऱ्यापुढे पिण्याची कबुली देणे सोपे असते. तो हसून ग्लास पुढे सरकवतो.

चारचौघांसमोर सांगणे हीसुद्धा आपल्याकडची एक वहिवाट आहे. मढीच्या यात्रेत भरणाऱ्या जातपंचायतींपुढे माणसाचे दोष सर्वांदेखत उगाळले जात आणि दंड ठरे. त्यातल्या जाचाला लगाम घालायला महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला, अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून परतले तेव्हा गाव दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेले होते. देवळात गाव जमवून दारूबंदीचा निश्चय झाला आणि भट्ट्या बंद पडल्या. जे तरीही पीत राहिले त्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले, हे अण्णांनी स्वतः सांगितलेले आहे. गाव बदलले हे खरे आहे, त्या बदलाचे मोल मोठे आहे. पण खांबाला बांधलेल्या माणसाने पुढे कुणाला मनातले सांगितले असेल? दारू आजार आहे असे मानले तर फटका हा उपचार ठरत नाही, आणि दोष मानले तरी ठाणांग सूत्राच्या यादीत फटका नाही. सार्वजनिक लाजेने गाव सुधारू शकते. एकट्या माणसाचे तोंड तिने आणखी घट्ट मिटते.

सर्वांत बोलका प्रसंग मात्र परमुलखातला आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस हॉटेलच्या दालनात एकटा येरझाऱ्या घालत होता. धंद्याचा डाव फसला होता. काही महिन्यांपूर्वी, १९३४ च्या डिसेंबरात, त्याने दारू सोडली होती. दालनाच्या एका टोकाला बार होता, तिथून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकाला गावातल्या चर्चची यादी लावलेली होती, जवळ फोन. त्याने यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला आणि विचारले, मला एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे, गावात कुणी आहे का? पाद्र्याने काही नावे दिली. एकामागून एक फोन करत तो हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोचला आणि तिने दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटेच थांबणार होते. बोलणे रात्रीपर्यंत चालले.

त्या पाद्र्याने प्रवचन दिले नाही. पत्ता दिला. कानिफाने केले तेच.

पुढची हकीकतही विसरण्यासारखी नाही. डॉ. बॉब यांनी त्या भेटीनंतर पुन्हा एकदा प्यायली. वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि शुद्ध हरपेपर्यंत प्यायले. परत आल्यावर दार बंद झाले नव्हते. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस, आणि ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही जगभर पसरलेली संघटना तोच आपला स्थापनादिवस मानते. म्हणजे एका मोडलेल्या निश्चयानंतर ती सुरू झाली आहे. शपथेच्या गणितात जिथे सगळे संपते, तिथे इथे सुरुवात होते.

या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी पायरी आपल्या प्रश्नाला थेट भिडते. आपल्या चुका ईश्वरापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी कबूल करायच्या, असे ती सांगते. पहिले दोन असताना तिसरा कशाला? विल्सन आणि त्याच्या सोबत्यांचा अनुभव असा होता की ईश्वरापाशी एकांतात केलेल्या कबुलीत माणूस स्वतःला फार सहज फसवतो. देव उलटा प्रश्न विचारत नाही. काल किती प्यायलास, पैसे कुठून आणलेस, मुलीच्या फीचे काय झाले, हे माणूस विचारतो. ईश्वर कसा, हे मात्र ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवायचे, अशी मोकळीक पायऱ्या लिहिताना मुद्दाम ठेवली गेली. त्यामुळे विठ्ठलाचा माळकरी, नाथांचा भक्त, कर्ता ईश्वर न मानणारा जैन आणि नास्तिक एकाच सतरंजीवर बसू शकतात. ऐकणारा त्याच वाटेने गेलेला असतो, पण तिथून परत आलेला. मुनींनी ज्याच्यापुढे बोलू नका म्हटले तो अजून तिथेच असलेला माणूस होता. परत आलेल्याबद्दल त्यांचे काही म्हणणे नाही.

फोनची व्यवस्थित सेवा सुरू व्हायला आणखी अठरा वर्षे लागली, आणि तीही एका धर्मगुरूकडून झाली. चॅड व्हारा हे इंग्लंडमधले पाद्री. १९३५ मध्ये नवखे असताना त्यांनी एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी केला. तिला पहिली पाळी आली होती. आपल्याला घाणेरडा रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिच्याजवळ कुणीच नव्हते. २ नोव्हेंबर १९५३ रोजी व्हारा यांनी लंडनमधल्या आपल्या चर्चमधून जीव नकोसा झालेल्यांसाठी फोन सुरू केला. तीच पुढे ‘समॅरिटन्स’. फोन करणारी माणसे प्रत्यक्षही येऊ लागली, तेव्हा काही साधीसुधी माणसे स्वयंसेवक म्हणून त्यांना चहा देत, बोलत बसवत. थोड्याच दिवसांत व्हारा यांच्या लक्षात आले की त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच पुष्कळांचे ओझे हलके झालेले असते. त्यांनी काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले आणि नियम घातला: फोनवर धर्माचा उपदेश करायचा नाही. पाद्र्याने हा नियम करावा यात त्याच्या श्रद्धेची खोली दिसते.

महाराष्ट्रात व्यसनी माणसाचे ऐकून घेण्याचे काम कुणी केले, तर पहिले नाव मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचे घ्यावे लागते. लेखक अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या अमली पदार्थावरच्या लेखांनी आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला ते उभे राहिले, आणि त्याचा खरा कणा होत्या डॉ. अनिता अवचट. व्यसनी माणसाला ‘पेशंट’ म्हणायचे, गुन्हेगार नाही, ही त्यांची शिस्त. बरा झालेला पेशंटच तिथे पुढच्याचा समुपदेशक होतो, आणि ‘सहचरी’ या गटात बायका आपापसात बोलतात.

आता फडावरच्या त्या कोपीकडे. तिथून पुणे लांब, पाथर्डी लांब, कारखान्याच्या गावातला डॉक्टर अनोळखी. पण खिशात फोन आहे. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. क्रमांक १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकतो, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य सेवेकडे पाठवतो. व्यसनासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचा वेगळा क्रमांक आहे, १४४४६. त्यावरून जवळच्या सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ताही मिळतो. जीव द्यावासा वाटतो हे बोलून दाखवले तर पोलीस येतील ही भीती अजून खेड्यांत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम उरलेच नाही. प्राण धोक्यात असेल त्या क्षणी मात्र ११२ किंवा १०८.

हे क्रमांक सापडण्यात एक अडथळा आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर वेगळेच क्रमांक ठळक असतात: पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा. त्रासलेली बायको तो फोन लावते, पुडी येते, भाजीत कालवली जाते. अशा पुड्यांत काय असते याचा भरवसा नाही. डायसल्फिराम हे औषध त्यात असेल, आणि नवऱ्याने वरून दारू घेतली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणे असा प्रकार होतो आणि क्वचित जीवही जातो. डॉक्टर ते देतात तेव्हा पेशंटला सगळे समजावून, त्याच्या संमतीने देतात. आणि शरीराचा धोका टळला तरी मूळ चूक राहतेच: ज्याला बोलते करायचे त्याच्याच अपरोक्ष त्याला बरे करायला निघायचे. बाईचा दोष नाही. तिला दुसरा पत्ता कुणी दिलेला नसतो.

तो देण्याचे काम देवस्थानांनी अंगावर घ्यावे. माळ घालताना, शपथ देताना, भंडाऱ्याच्या पंगतीत महाराजांनी दोन वाक्ये बोलावीत: रोज पिणाऱ्याने सोडण्याआधी डॉक्टरला विचारावे, आणि शपथ मोडली तर गडावर परत यावे, लाजू नये, त्याआधी १४४१६ ला फोन करावा. देणगीच्या पावतीवर मागच्या बाजूला १४४१६ आणि १४४४६ हे दोन क्रमांक छापायला खर्च येत नाही. मुकादम टोळी नेताना उचलीचा हिशेब सांगतो तसे हे क्रमांकही सांगू शकतो. भगवानगड, मोहटा, मढी इथे येणारा माणूस सरकारी फलकावर विश्वास ठेवणार नाही. महाराजांनी सांगितले तर ठेवील.

आणि फोन पिणाऱ्यानेच करावा असे नाही. बहुतेक घरांत पहिले बोलणारी बायको असते, कधी थोरली मुलगी. तिने चार गोष्टी आधी आठवून ठेवाव्यात: तो रोज किती पितो, शेवटचे कधी प्यायला, मागे कधी फिट किंवा भास झाले होते का, आणि मरणाची भाषा करतो का. एवढ्यावरून पलीकडचा माणूस सांगू शकतो की घरी थांबवणे सुरक्षित आहे की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला हवे. नवरा तयार नसला, तो झोपलेला असला, त्याला कळवायची हिंमत नसली, तरी तिला स्वतःबद्दल बोलण्यासाठी हा फोन करता येतो.